डाळिंबरावांची लाली

आमच्या शेजारचे डाळिंबराव कशाने लाल होतात ते विचारू नका, कशाने होत नाहीत ते विचारा. उत्तर लवकर संपेल. दूधवाल्याने "काय साहेब, दिसला नाहीत" म्हटलं की लाल. बसमध्ये कंडक्टरने दुसऱ्याच कुणाला तिकीट विचारलं की हे आपलं तिकीट खिशातून काढून हातात धरतात, आणि लाल. बँकेत एकदा पुढच्या माणसाची सही जुळेना, तर मागे उभे असलेले हे असे पेटले की पहारेकरी त्या माणसाला सोडून यांच्याजवळ येऊन उभा राहिला. जिन्यात माझी गाठ पडली तर मी तोंड उघडायच्या आधीच यांच्या कानाच्या पाळ्या रंगतात. मी काय बोलेन याची धास्ती असते त्यांना, आणि ती अगदीच अनाठायी नसते.

आईबापांनी ठेवलेलं नाव आता विजेच्या बिलापुरतं उरलंय. वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे डाळिंबरावच म्हणतात. बरं, ही लाली एकदम येत नाही. भरतीच्या पाण्यासारखी चढते. आधी पाळ्या, मग मान, मग गाल आणि शेवटी टक्कल. टकलापर्यंत पोचली की त्यांना समोरचं ऐकू येईनासं होतं आणि जीभ टाळूला चिकटते. आपण विचारावं एक आणि त्यांनी "हो, हो" म्हणून मान हलवावी. कितीतरी न केलेल्या गोष्टी त्यांनी अशा मान हलवून पदरात घेतल्या आहेत.

पोटापाण्याचा धंदा कवळ्यांचा. दोन गल्ल्या पलीकडे, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारी एक खोली आहे. नावाला मोठी पाटी, पण सगळे म्हणतात दातांचा कारखाना. तिथल्या लांब टेबलाशी, खिडकीकडच्या कोपऱ्यात डाळिंबराव मिसरूड फुटल्यापासून बसत आले. लाल मेणाच्या पट्टीत एकेक दात रोवायचा, वाकड्या सुरीने हिरडीची गोलाई कोरायची, मान तिरकी करून बघायचं, पुन्हा कोरायची. आमच्या भागातले निम्मे म्हातारे हसतात ते डाळिंबरावांच्या दातांनी. माझ्या सासूबाई मला ज्या दातांनी टोचून बोलतात तेही त्यांच्याच हातचे. एवढे धारदार करायची काय गरज होती, हे मी त्यांना अनेकदा विचारलं आहे. उत्तर एकच, लाल.

कारखान्याच्या मालकीणबाई म्हणजे करारी बाई. नवरा गेल्यावर सगळा डोलारा एकटीने सांभाळला, त्याबद्दल मी त्यांना हात जोडते. पण त्यांची एक खोड होती. दाताची छटा जुळवायला टेबलावर एक लांब मानेचा पांढराफटक दिवा असतो. कारखान्यात काही बिघडलं, दात तुटला, कवळी करपली, एकाचा वरचा जबडा दुसऱ्याच्या खालच्याला जोडला गेला, की बाई कुणाला काही विचारायच्या नाहीत. सगळ्यांना ओळीने बसवायच्या, त्या दिव्याची मान वळवायच्या आणि एकेकाच्या तोंडावर उजेड पाडून बघत राहायच्या.

"तोंड खोटं बोलेल, चेहरा बोलायचा नाही," त्यांचं ठरलेलं वाक्य. "चोराच्या मनात चांदणं."

आता बघा, ओळीत बसायचे तिघेच. एक पॉलिशवाला, त्याचा चेहरा म्हणजे तव्याची पाठ, समोर सूर्य आणून ठेवला तरी रंग पालटायचा नाही. दुसऱ्या प्लास्टरवाल्या मावशी. त्यांच्या तोंडावर कायम पांढरी भुकटी, आतला रंग त्यांच्या नवऱ्यानेही पाहिला असेल की नाही कोण जाणे. तिसरे आमचे डाळिंबराव. म्हणजे निकाल दिवा लावायच्या आधीच लागलेला. वर्षानुवर्षं कारखान्यातली प्रत्येक चूक डाळिंबरावांच्या खात्यावर पडत गेली, आणि ते "बरं" म्हणून पुढचं मेण तापवायला घेत.

ते डॉक्टरकडेही जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, रक्त छान आहे, तब्येत छान आहे, लाजायचं सोडा. हा सल्ला ऐकून ते तिथेच लाल झाले.

मग एके दिवशी बायकोच्या आरशाखाली त्यांना एक चपटी डबी सापडली. आत गुलाबी भुकटी, सोबत कुंचला, आणि झाकणावर इंग्रजीत लिहिलेलं, ब्लश.

"हे काय असतं गं?"

"गालांना लावायचं. गाल जरा लाल दिसतात."

"विकत घेऊन?"

"नाहीतर काय, तुमच्याकडून उसनं घेऊ?"

हा संवाद मला भिंतीपलीकडून ऐकू आला. मुद्दाम ऐकला असं नाही, आमची भिंत पातळ आहे. पण डाळिंबरावांच्या मनाला ते लागलं. जे आपण जन्मभर लपवत आलो, ते लोक डबीत भरून विकतात, तर त्या शब्दात आहे तरी काय? दुखण्याला औषध नाही म्हटल्यावर कुणी देवाकडे जातो, कुणी वैदूकडे. हे गेले वाचनालयात, जाडजूड इंग्रजी कोश उघडायला. सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलेला माणूस दिवे लागले तरी परत येईना. बायको मला म्हणाली, "एखाद्या बाईच्या नादी लागले असते तर मी बघून घेतलं असतं, शब्दाच्या नादी लागलेल्याचं काय करायचं?"

परत आले आणि गॅलरीतून मला हाक मारली. स्वतःहून मला हाक मारण्याचा तो पहिलाच प्रसंग.

"वहिनी, हा शब्द फार जुना आहे. पूर्वी त्याचा लाजेशी एवढा संबंध नव्हता. अर्थ होता तांबूस उजळणं, चकाकणं. आणि त्याच्या भाऊबंदांत एक शब्द आहे, त्याचा अर्थ मशाल."

"म्हणजे तुम्ही मशाल! मग जिन्यातला बल्ब काढून टाकू का? गेला महिनाभर तोच उडतोय."

लाल झाले, पण थांबले नाहीत. "ऐका तर. मधल्या काळात त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ होता. बघणं, नजर टाकणं. अजूनही पहिल्या नजरेत असं म्हणताना इंग्रजीत हाच शब्द वापरतात. चकाकण्यावरून तो बघण्यावर कसा गेला, हे पंडितांनाही नक्की सांगता येत नाही. पुढे ते बघणं गळून पडलं आणि लाजून लाल होणं तेवढं राहिलं."

"मग?"

"मग काही नाही. पण मला वाटतं, गळायला नको होतं. आधी उजेड, मग नजर, मग लाल. मी खोलीत एकटा असताना कधी लाल झालेलो नाही, वहिनी. अंधारातही नाही. मला बायकोने सांगितलंय, झोपेत मी चांगला सावळट दिसतो."

आपल्या भाषेत बघा, रागाने लालबुंद होणारा वेगळा आणि लाजेने चूर होणारा वेगळा. पण न केलेल्या गुन्ह्यासाठी, नुसतं कुणी बघितलं म्हणून लाल होणाऱ्याला आपल्याकडे शब्दच नाही. त्याला आपण सरळ चोर म्हणतो. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, "भावजी, संशोधन छान आहे, पण तुमच्या मालकीणबाईंना सांगू नका, त्या आणखी मोठा दिवा आणतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सोन्याच्या दाताचं झालं.

स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणारे एक गृहस्थ होते, निवृत्त झालेले. त्यांचा आवाज असा की गाडी उशिरा येणार असली तरी ऐकत राहावंसं वाटे. त्यांचे उरलेसुरले दात काढायची वेळ आली. त्यांतल्या एका दातावर सोन्याची टोपी होती, आणि ते सोनं त्यांच्या दिवंगत बायकोच्या अंगठीचं होतं. बोट सुजल्यावर अंगठी कापावी लागली, तेव्हा बायकोनेच हसून म्हटलं म्हणे, "घ्या, तोंडात ठेवा. निदान बोलताना माझी आठवण राहील." तर आजोबांची एकच अट होती. नव्या कवळीत तीच टोपी, त्याच जागी. डॉक्टरांनी ती मालकीणबाईंच्या हातात ठेवली, बाईंनी डाळिंबरावांच्या. दुसरं सोनं आणून भागण्यातलं हे काम नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी कारखान्यातच होते. सासूबाईंची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती (मी पाडली नाही, घरात सगळे तसं म्हणतात तेवढंच) आणि ती सांधून घ्यायला मी दाराशी स्टुलावर बसले होते. म्हणून हे जे पुढे सांगते ते ऐकीव नाही.

कवळी कशी करतात ते थोडं सांगावं लागेल. मेणात दात रोवून झाले की सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडतात. प्लास्टर घट्ट झालं की डबा गरम पाण्यात ठेवून उघडायचा. मऊ पडलेला मेणाचा गोळा उचलून टाकायचा, उरलंसुरलं उकळत्या पाण्याने धुवायचं. दात प्लास्टरमध्ये रुतून राहतात, आणि मेणाच्या रिकाम्या जागेत हिरडीचा गुलाबी मसाला भरून शिजवतात. आजोबांचा डबा सकाळी मावशींनी उघडला, मेण काढलं, आणि धुवायला डाळिंबरावांकडे सरकवला. डाळिंबरावांनी दुपारी तो धुतला, खिडकीपाशी नेऊन बघितला. सगळे दात जागच्या जागी. सोन्याची टोपी चढवलेल्या दाताच्या जागी नुसता खळगा.

दुसरा कुणी असता तर आधी गप्प बसून शोधाशोध केली असती. हे गेले थेट मालकीणबाईंकडे सांगायला. तेही टक्कल लाल झालेल्या अवस्थेत.

मी पोचले तेव्हा दार आतून लावून घेतलं होतं. मला ओळखतात म्हणून आत घेतलं. तिघं ओळीने बसलेले, टेबलावर तो उघडा डबा, आणि दिव्याची मान वळलेली. पॉलिशवाल्याच्या तोंडावर उजेड पडला; तव्याची पाठ. मावशींच्या तोंडावर पडला, भुकटी. मग डाळिंबरावांकडे वळला आणि तिथेच थांबला.

"दात प्लास्टरमध्ये होता," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "खळगा दाताच्या आकाराचा आहे. म्हणजे डबा भरला तेव्हा होता. उघडल्यावर धुवायला कुणी घेतला?"

"मी," डाळिंबराव म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलले.

"खिडकीपाशी पाठ करून कोण उभं होतं?"

मान हलली. हो.

"तुटलेले दात मी सोडून दिले. करपलेल्या कवळ्या सोडून दिल्या. पण हे सोनं एका मेलेल्या बाईच्या बोटातलं आहे. आजोबा संध्याकाळी कवळी लावून बघायला येणार आहेत. ते यायच्या आत दात या टेबलावर आला तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आला तर मी पोलिसांना फोन करणार, आणि या खुर्चीवर तू पुन्हा बसणार नाहीस. एवढी वर्षं खाल्लेल्या मिठाला तरी जाग."

डाळिंबरावांचा घाम टकलावरून भुवईत उतरत होता. मी त्यांचे हात बघितले. दाताचा केसाएवढा तिरपेपणा ओळखणारी ती बोटं मांडीखाली दडवलेली होती. आणि मला ठाऊक होतं की आता पुढच्याच प्रश्नाला हा माणूस मान हलवणार. "तू घेतलास?" एवढंच विचारायची खोटी होती. "हो, हो" म्हणून मोकळे झाले असते.

मी म्हटलं, "अहो बाई, ते लाल होतातच. माझ्याकडे बघूनसुद्धा होतात. मी काय त्यांचं सोनं आहे?"

कुणी हसलं नाही. मालकीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही मध्ये पडू नका. तुमची कवळी उद्या मिळेल."

आणि त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. "बोल. तू..."

डाळिंबराव उठले. खुर्ची मागे पडली. मला वाटलं, पळणार. पॉलिशवाला दाराकडे सरकलाही. पण ते उठले आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेत शिक्षा झालेलं पोर राहतं तसे. आम्हाला दिसत होती फक्त त्यांची मान, आणि ती पिकलेल्या मिरचीसारखी पेटली होती.

"झालं," मावशी पुटपुटल्या. "तोंड दाखवायला जागा नाही राहिली बिचाऱ्याला."

"कबूल आहे म्हणायचं का मग?" मालकीणबाईंनी फोन हातात घेतला.

"थांबा." आवाज भिंतीवर आपटून आला, पण आला. "फोन करा, पण जरा थांबून. कुणी माझ्याकडे बघत असलं की मला आठवत नाही. मला आठवू द्या."

बाईंचं बोट आकड्यांवर थांबलं. खोलीत फक्त गरम पाण्याच्या भांड्याची फुसफुस चालली होती. भिंतीकडे तोंड करून डाळिंबराव आपल्या बोटांनी हवेतच काहीतरी करत होते. दात धरला. रोवला. मेण लावलं. सुरी फिरवली. त्यांच्या मानेवरची लाली हळूहळू खाली उतरायला लागली, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

घोषणावाले आजोबा. ठरल्या वेळेआधीच आले होते. मी दार उघडलं. त्यांनी आत पाहिलं, दिवा पाहिला, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस पाहिला, आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. तोंडात दात नव्हते, त्यामुळे तो भरदार आवाज आता सगळा ओठांतून निसटत होता.

"माझा दात झाला?"

उत्तर भिंतीने दिलं. "हरवलाय, आजोबा. शोधतोय. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आजोबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली.

"मावशी," डाळिंबराव म्हणाले, "त्या खळग्यात बोट घालून बघा. कोरडा आहे?"

मावशींनी बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं. "बुळबुळीत लागतंय रे."

"प्लास्टर बुळबुळीत नसतं. दात कोरडा असला तरच प्लास्टर त्याला धरून ठेवतं. मी रोवला तेव्हा तो कोरडा होता, मी स्पिरिटने पुसला होता. म्हणजे मेणात बसवल्यावर, डब्यात जायच्या आधी कुणीतरी त्याला पॉलिशचा मलम लावला. कुणी लावला ते मला नाही बघायचं. मी भिंतीकडेच तोंड करून आहे. फक्त सांगा, लावला का?"

आमच्यातलं कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मालकीणबाईंनी दिव्यावरचा हात काढून घेतला होता. मग दाराजवळून आवाज आला, तव्याच्या पाठीमागून.

"मी... जरा चमकवला. काल जेवायच्या सुट्टीत. म्हातारबाबा खूश होतील म्हणून. मेणाला धक्का नाही लावला, आईशप्पथ."

दुसऱ्याच्या मेणाला हात लावायचा नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम. म्हणून तो सकाळपासून गप्प होता. आणि दिव्यासमोर त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती!

"मग तो प्लास्टरमध्ये राहिलाच नाही," डाळिंबराव भराभर बोलायला लागले. "मेणाबरोबर निघून आला. मावशी, मेणाचा गोळा कुठे टाकलात?"

"डब्यात. जुन्या मेणाच्या." मावशींचा हात तोंडावर गेला. "अगंबाई. ते सगळं मी वितळवून ताटल्यांत ओतलं की रे!"

भिंतीशी ताटल्या मांडलेल्या होत्या, गार झालेल्या लाल मेणाच्या वड्यांनी भरलेल्या. सगळ्या सारख्या. वरून काही दिसायची सोय नाही. मावशींनी पहिली वडी भांड्यात टाकली आणि आम्ही सगळे भांड्याभोवती गोळा झालो, आजोबासुद्धा. फक्त डाळिंबराव भिंतीशीच. वडी विरघळली, मावशींनी झारा फिरवला. काही नाही. दुसरी टाकली. प्लास्टरचे तुकडे निघाले, एक तुटका पांढरा दात निघाला. सोनं नाही.

"असेल तर ना!" मालकीणबाई म्हणाल्या, पण आवाजात मघाची धार राहिली नव्हती.

तिसरी वडी. मेण गरम झाल्याचा तो उग्र गोडसर वास अजून माझ्या नाकात आहे. मावशींचा झारा तळाशी खरडत फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आणि भांड्याच्या तळाशी टण् वाजलं.

मावशींनी झारा वर उचलला. लाल मेणाच्या थेंबांत पिवळं काहीतरी होतं. आजोबांनी हात पुढे केला, तो भाजेल म्हणून मी मागे ओढला, तर त्यांनी माझाच हात घट्ट धरून ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पॉलिशवाला उगाचच हसला, मावशी डोळे पुसायला लागल्या आणि तोंडभर प्लास्टर फासून बसल्या. मालकीणबाईंनी फोन पर्समध्ये टाकला, दिवा जागच्या जागी वळवला आणि म्हणाल्या, "चला, मिळाला ना? कामाला लागा. आजोबा, तासाभरात देते लावून. आणि तू रे, एवढं जर काही केलं नव्हतंस, तर लाल कशाला झालास?"

आता डाळिंबराव वळले. लाली गालांपर्यंत होतीच, पण टक्कल सावळंच होतं.

"तुम्ही बघितलंत म्हणून," ते म्हणाले. "बाई, खुर्चीवर बसू का?"

"बस ना. कुणी नको म्हटलंय?"

"तुम्ही. सगळ्यांसमोर म्हणालात. मीठ काढलंत. आजोबांचा दात मी बसवून देणार, ते काम माझं आहे. पण त्यानंतर या खुर्चीवर बसायचं की नाही, ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगा. आतल्या खोलीत नको."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. "बरं" म्हणून मेण तापवायला घेणारा हा माणूस. मालकीणबाई टेबलाचा काठ धरून उभ्या. खोलीतले सगळे डोळे त्यांच्यावर. आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या कानाच्या पाळ्या रंगल्या. मग मान. मी अगदी रंगून बघत होते. असा देखावा पुन्हा मिळायचा नाही.

तर डाळिंबराव माझ्यावरच खेकसले. "वहिनी, बघता काय! त्या भांड्याखालचा गॅस बंद करा, पाणी उतू जातंय. तू पितळी डबा पूस, मलम न लावता. मावशी, स्पिरिट द्या इकडे." आणि स्वतः पाठ करून, झाऱ्यातला दात चिमट्याने उचलून, खिडकीपाशी जाऊन पुसायला लागले. आम्ही मुकाट्याने ज्याच्या त्याच्या कामाला लागलो. पाणी उतू बितू जात नव्हतं, पण मी गॅसचं बटण उगाच फिरवलं.

त्या पाठमोऱ्या खोलीत मालकीणबाई बोलल्या. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चूक माझी झाली. तुला चोर म्हणाले ते मागे घेते. खुर्ची तुझीच आहे." मग थोडं थांबून, "आणि याआधी जे जे तुझ्या माथी मारलं, त्यातलं सगळं तुझं नसणार."

"दोन करपलेल्या माझ्या होत्या," डाळिंबराव खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. पडलेली खुर्ची त्यांनी पायाने उभी केली, तिच्यावर बसले आणि सोन्याचा दात खळग्यात दाबला. बसला.

सासूबाईंची कवळी मला त्याच दिवशी मिळाली, तेही फुकट. गप्प राहण्याची किंमत असावी. बाईंनी माणूस ओळखण्यात दुसऱ्यांदा चूक केली.

घरी येताना डाळिंबराव माझ्यासोबत चालत होते. बातमी आमच्याआधी पोचली होती, आणि त्यांची बायको दारातच उभी. "तोंडावर राजीनामा फेकून यायचात! आता तिथे पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते."

"उद्या लवकर जायचंय," ते चपला काढत म्हणाले. "आजोबांचा खालचा जबडा बाकी आहे."